मोजणीच्या आधी मत सांगण्याबाबत

नाव: वेगळ्या कागदावर घेतले आहे, जबाबात नको अशी विनंती. ओळखीचे लोक ‘चादरवाली’ म्हणतात. वय: ४१ वर्षे. काम: हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुणे. राहणार: धुलाईखान्यामागच्या खोल्या, खोली क्रमांक नऊ.

मी आज मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील खोलीत मी, माझे पती व सासूबाई असे राहतो. पती पाठीच्या दुखण्यामुळे घरी असतात. गेल्या वर्षापासून बायकांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे दर महिन्याला माझ्या खात्यात येतात. रेशनचे धान्यही माझ्याच अंगठ्यावर मिळते. तेव्हापासून सासूबाई भाजी आणायला निघताना, “काय आणू?” असे मला विचारतात. आधी विचारत नव्हत्या.

योजनेचा फॉर्म गल्लीतल्या एका बाईंनी भरून दिला. त्यांना सगळे फॉर्मताई म्हणतात. योजना आणणाऱ्या पक्षाचे काम त्या करतात. मागच्या मंगळवारी, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी, त्या घरी आल्या आणि कोणते बटण दाबायचे ते सांगितले. जाताना म्हणाल्या, “धान्याच्या मशीनला आपण कोण ते कळतं ना? मग तेही मशीनच आहे गं बाई.” सासूबाई म्हणाल्या, “खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.” पती म्हणाले, “तिचा अंगठा आहे, ती बघेल.” असे ते पहिल्यांदाच म्हणाले.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी शाळेत जाऊन मतदान केले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटीच होते. घरी न्हाणीतसुद्धा कोणीतरी दार वाजवते. तिथे कोणी वाजवले नाही. मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. बाहेरून कोणीतरी म्हणाले, “झालं का बाई, की डोळा लागला?” तेव्हा मी बटण दाबले. ते कोणते, हे मी आता इथे ठाण्यात सांगू लागले तेव्हा साहेबांनी मला थांबवले व ते लिहू नये असे लेखनिक मॅडमना सांगितले. फॉर्मताईंनी सांगितलेले दाबले नाही, एवढे मात्र लिहावे. घरी मी तेच दाबले म्हणून सांगितले आहे.

शनिवारी धान्याच्या दुकानात तीन वेळा अंगठा लावला. तिन्ही वेळा लाल दिवा लागला. दुकानदार म्हणाले, “मशीन तुम्हाला ओळखच दाखवत नाही. भांडण झालं का?” मागे रांगेतल्या बायका हसल्या. काल सोमवारी खोली आठ आणि खोली दहामधल्या बायकांच्या मोबाईलवर योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. माझ्या मोबाईलवर आला नाही. सासूबाई म्हणाल्या, “सगळ्यांचे आले, तुझेच कसे राहिले?” रात्रीच्या जेवणापर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या. आज सकाळी भाजी आणायला त्या न विचारता गेल्या.

मताची मशीन मोजणीपर्यंत पोलिसांच्या पहाऱ्यात असतात असे ऐकले आणि मोजणी शुक्रवारी आहे. म्हणून माझे मत मोजणीच्या आधी बदलून मिळावे अशी विनंती करायला मी इथे आले.

साहेबांनी समजावले की मताच्या मशीनला अंगठ्याची ओळख नसते. मी बटण अंगठ्याने दाबले की बोटाने, ते मला आठवत नाही. त्यांनी माझा अंगठा शाईत बुडवून कोऱ्या कागदावर घेतला. कागदावर नुसता काळा ठिपका आला, रेषा एकही नाही. मॅडम म्हणाल्या, “अहो, सोड्याच्या पाण्यानं रेषा गेल्यात तुमच्या. यात मताचा काय संबंध?” सोडा मी अकरा वर्षे वापरते. मागच्या महिन्यात मशीनने मला ओळखले होते. मतदान मध्ये झाले. आणि पैसे अंगठ्यावर येत नाहीत, मग ते का थांबले, हे मॅडमना माहीत नाही. त्यांनी बँकेत जा असे सांगितले.

फॉर्मताईंनी धमकी दिली का असे विचारले असता, नाही. त्या हसत म्हणाल्या. माझ्या पतीला दवाखान्यात ठेवले होते तेव्हा त्या दोन दिवस बाकावर बसून होत्या. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मग तक्रार कोणाविरुद्ध लिहायची असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, माझ्याविरुद्ध लिहा. तसे लिहिता येत नाही असे ते म्हणाले.

उठताना साहेब म्हणाले, “समजा मशीन उघडता आलं असतं आणि मी म्हणालो असतो, घ्या बदलून. बदललं असतं?” मी त्याचसाठी आले होते. तरी मी नाही म्हणाले. का नाही, ते त्यांनी विचारले. ते मला अजून समजलेले नाही.

हा जबाब मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटी आल्यावर मी त्यांना थांबवून ‘नाही’ हा शब्द पुन्हा वाचायला लावला. तो मी सांगितला तसाच आहे. बाकीचेही बरोबर आहे.