नकाशातला खोडलेला हिवाळा

थोरली : …म्हणजे या गावात नदी बारा महिने वाहते, पण हिवाळा काही येत नाही?

धाकटी : नाही येत. ताई, ती वाटी उचलू नकोस, नकाशा गुंडाळला जातो.

थोरली : अगं, पण नदीला पाणी कुठून येतं? तूच लिहिलंयस, दोन्ही चंद्र एकदम उगवले तरच पाऊस पडतो. म्हणजे तीन वर्षांतून एकदा!

धाकटी : डोंगरावरचं बर्फ वितळतं ना.

थोरली : आणि ते तिथे आलं कसं? टेम्पोनं?

धाकटी : तुझी वेधशाळा ऑफिसात ठेवून येत जा गं! जादूचं जग आहे हे. सोमवारी पुस्तकाबरोबर छापखान्यात द्यायचाय नकाशा.

थोरली : जादू असू दे की. पण नियम कुणी केला होता? हे जग काढायला घेतलं तेव्हा तू दुसरीत होतीस, मी सातवीत. कारणाशिवाय एक ढगसुद्धा काढायचा नाही. माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली होतीस, भवानी!

धाकटी : बरं बाई, केला होता. पण बाकीचे ऋतू तरी बघ. हे धुक्याचे दिवस. यात आवाज उशिरा पोचतात. सकाळी मारलेली हाक दुपारी ऐकू येते. त्यामुळे भांडणं होतच नाहीत, उत्तर येईपर्यंत राग निवलेला असतो.

थोरली : हा ऋतू आपल्या घरी पाहिजे होता.

धाकटी : मग पिसांचे दिवस. पक्षी पिसं गाळतात आणि ती खाली पडतच नाहीत, डोक्याएवढ्या उंचीवर तरंगत राहतात. माणसं वाकून चालतात, उंच माणसं तर घराबाहेर पडत नाहीत. मग उजेडाचे. सूर्य मावळत नाही, म्हणून प्रत्येकानं डबीत थोडा अंधार साठवलेला असतो. झोप आली की तो डोळ्यांवर ओढून घ्यायचा.

थोरली : किती छान गं… आणि इथे? इथे कागदाला भोक पडलंय.

धाकटी : तिथे हिवाळा होता. मी खोडला.

थोरली : कधी?

धाकटी : आईला पहिल्यांदा दम लागला त्या थंडीत. तू हॉस्टेलवर होतीस. मी तिची पाठ चोळत बसले होते आणि तिला श्वासच पुरत नव्हता. वाटलं, एका तरी गावात तिला नीट श्वास घेता यावा.

थोरली : मला कधी बोलली नाहीस.

धाकटी : तू विचारलंस कधी?

थोरली : नाही विचारलं. चुकलंच माझं. पण आता तरी ऐक. यंदाची थंडी आईला इथे काढू देऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. माझ्याकडे समुद्र आहे, वर्षभर उबदार हवा. परवाची तिकिटं आहेत. तू सांगितलंस ना तिला?

धाकटी : मी? मला वाटलं तू सांगितलंस!

आई : (दारातून) आता दोघींनी मिळून सांगितलंत. सरका, बसू द्या मला.

थोरली : आई, हळू. पंप कुठाय तुझा?

आई : आहे खिशात. यात माझं घर कुठलं गं?

धाकटी : हे, नदीच्या वळणावरचं.

आई : खिडकी कुठल्या बाजूला?

धाकटी : दक्षिणेला. आपल्यासारखीच.

आई : मग हिवाळा का नाही? बाकी वर्षभर सूर्य छपरावरच असतो. हिवाळ्यात तेवढा खाली येतो नि खिडकीतून आत शिरतो. हो ना गं, हवामानवाले?

थोरली : हो, पण…

आई : अकरा वाजता ऊन माझ्या पायांवर येतं. बारापर्यंत मांडीवर. एकाच्या सुमाराला हातांवर. तेवढ्यासाठी मी दहा महिने कळ काढते. दम काय, मला सगळ्याच ऋतूंत लागतो, पोरींनो. ते ऊन दोनच महिने येतं.

थोरली : तिकडे माझा जीव टांगणीला लागतो, आई. काही झालं तर?

आई : झालं तर घरात, उन्हात होईल. तुझ्याकडे येईन की मी, ऊन सरकलं की. तोवर तूच रजा टाक नि ये. तुझ्या समुद्राला सांग, थोडं थांब म्हणावं.

थोरली : …तू ऐकायची नाहीसच. टाकते रजा.

आई : नि तू रडतेस काय? डोळे पूस, कागद भिजेल. काढ हिवाळा. नदीचीही सोय होईल.

धाकटी : छोटासाच काढते हं, आई. आठ दिवसांचा.

आई : इतकी चिक्कू कशी गं तू? चांगला लांब काढ.