बर्फासाठी घेतलेला पिवळा गॉगल

चहा गार झाला तर होऊ द्या, आधी शेजारच्या नंदाबाईचं ऐका. तिच्या पूजाची कॉलेजातून काश्मीरला स्कीइंग शिकायला, म्हणजे बर्फावरून घसरायला, निवड झाली. मायलेकी नेकनूरहून बीडला गॉगल घ्यायला निघाल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेलतेच.

दुकानदार रफिकभाईंनी सगळ्यांत काळा गॉगल काढला.

पूजा म्हणाली, "चाचा, हा उन्हाचा. आभाळ आलं की बर्फ सगळा सारखाच दिसतो, खड्डा कळत न्हाई. पिवळ्या काचेचा द्या."

तसा एकच निघाला. नंदाबाईनं गंमत म्हणून तो डोळ्यांवर चढवला. बाहेर अंधारून आलं होतं. दाराकडं बघून ती म्हणाली, "अगं बाई! पायऱ्या दिसायल्यात की!"

पूजाचं हसू थांबलं. "माय, एरवी दिसत न्हाईत?"

"उजेड कमी असला की न्हाई."

"कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?"

भिंतीला भिंत लागून माझं घर. तिच्याकडं कोण शिंकलं तेसुद्धा मला कळतं. हे मात्र कळलं नव्हतं.

"मी न्हाई जात. हा तूच घाल," पूजा म्हणाली.

नंदाबाईनं गॉगल काढून पदरानं पुसला आणि लेकीच्या पिशवीत घातला. "घरच्या पायऱ्या मला पाठ हायत. तुला तिथला बर्फ नवा हाय."

दुकानाच्या पायऱ्या काही पाठ नव्हत्या. तिथं तिनं माझा हात घट्ट धरला.