सगळ्या पोरांचे शून्य

मी आमच्या शाळेत समुपदेशक कसा झालो, ते ऐका. एका दिवसाची ट्रेनिंग झाली अन् गणिताचा मास्तर एकदम मनाचा डॉक्टर!

नववीच्या वर्गात मी उदासी मोजायचा फॉर्म वाटला. दोन आठवड्यांत रडावंसं वाटलं का, झोप उडाली का, असे प्रश्न. उत्तराले शून्य ते तीन मार्क; शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे रोजच. पोरींनी एक, दोन, तीन, सगळं लिहिलं. पोरांनी मात्र वरपासून खालपर्यंत शून्य. मी छाती फुगवून मोठ्या मॅडमले सांगितलं, "पोरं मजेत आहेत. फक्त पोरींकडे पाहा."

संध्याकाळी घरी हाच पराक्रम माझ्या मुलाले, सुमितले सांगून राहिलो होतो. तोही नववीतच, पण दुसऱ्या शाळेत. तो हसला. "बाबा, बाजूला दोस्त बसलाय, मग मी रडतो असं कोण लिहील? कोई नहीं लिखेगा."

"इथं तर दोस्त नाही ना? सांग, तुले झोप लागते का?" मी आपली मास्तरकी दाखवली.

तो म्हणाला, "नाही. दो महीने से नहीं लगती."

"अरे, मग मले सांगितलं कावून नाही?"

"आपने पूछा कब?"

त्याच्या आईनं गॅस बंद केला अन् आम्ही तिघं बसलो. तो खूप वेळ बोलला. सकाळी त्याले डॉक्टरकडे नेलं, अन् तिथून सरळ शाळेत जाऊन मॅडमले म्हटलं, "पोरांचा फॉर्म पुन्हा भरून घेतो, एकेकाले वेगळं बसवून. फॉर्म ठीक होता मॅडम, मास्तर नापास झाला."