बिनहप्त्याचं स्थळ

(सातपूर कॉलनीतलं पंक्चरचं दुकान. सकाळचे अकरा. दारात एक पांढरी गाडी.)

रहेमान : पंक्चर नाही, साहेब. चारही चाकं पाणी मारून बघितली. डिकीतलं पाचवंही बघितलं.

शामसुंदर : बरं. मग हवा भरा.

रहेमान : हवा पण बरोबर आहे.

मालिनी : अहो, विचारा ना सरळ. किती वेळ चाकाभोवती फिरणार?

शामसुंदर : मालिनी, माझी एक पद्धत असते. भाई, ते समोरचं पिवळं घर, गच्चीवर सळया निघाल्यात बघा, ते कोणाचं?

रहेमान : कोंडाजीभाऊंचं. घ्यायचंय का?

शामसुंदर : छे, सहज. माणसं कशी आहेत?

रहेमान : सहज विचारताय की मुलीसाठी विचारताय? सहजचं उत्तर छोटं आहे.

मालिनी : मुलीसाठी. आमच्या तेजश्रीला त्यांच्या रुद्रचं स्थळ आलंय. परवा रविवारी सुपारी फोडायची म्हणतात.

रहेमान : आणि चौकशी आज. बसा ताई, या खुर्चीवर बसा. स्टूल फक्त गिऱ्हाइकाला पाडायला ठेवलंय.

शामसुंदर : हे बघा, मुलगा चांगला आहे. अंबडला कंपनीत आहे, पगार ठीक. पण मला ते घर काही उमगत नाही. माझ्या ओळखीचा एक जण कर्जाची कामं करतो. त्याला म्हटलं, मुलाच्या बापाचं जरा बघ. तर म्हणे, हा माणूस कुठेच नाही. साठीला आला, घर बांधलं, मुलगी उजवली, पोराला इंजिनिअर केलं, आणि जन्मात एक कर्ज नाही. फ्रिजसुद्धा हप्त्यावर नाही. असं कुठे असतं का?

रहेमान : संशय यायलाच पाहिजे.

शामसुंदर : यायलाच पाहिजे ना? ऐक, मालिनी.

रहेमान : आम्हाला पण होता. अख्ख्या गल्लीला. आता मी सांगितलं असं बाहेर बोलू नका.

मालिनी : नाही बोलत.

रहेमान : दर रविवारी, पहाटे साडेचारला, बापलेक सायकली काढतात. तोंडाला मफलर, कॅरिअरला रिकामी पोती. सातच्या आत परत, तेव्हा पोती भरलेली. मग ती पोती चार घरांत जातात. चौघंही दार अर्धंच उघडतात.

शामसुंदर : झालं. मी म्हटलं नव्हतं?

मालिनी : पोत्यात काय असतं?

रहेमान : मलाही तेच. एका रविवारी गेलो मागे. स्कूटरचा लाइट बंद ठेवून थेट पंचवटीपर्यंत. मार्केट यार्डात शिरले. मी क्रेटच्या मागे लपलो.

शामसुंदर : मग?

रहेमान : मेथी. वांगी. थोडा फ्लॉवर. आख्खा क्रेट घेतला की स्वस्त पडतो, तो चार घरं वाटून घेतात. मला बघितलं तसं कोंडाजीभाऊ म्हणाले, आलाच आहेस तर हे पोतं तुझ्या स्कूटरवर टाक.

मालिनी : तुम्ही आमची मजा घेताय.

रहेमान : थोडी, ताई. दुकानात एसी नाही, एवढीच करमणूक.

शामसुंदर : भाजीचं सोडा. घराचे पैसे कुठून आले?

रहेमान : एक खोली बांधली आणि थांबले. पाच वर्षांनी दुसरी. परत थांबले. त्यांची बायको भागुबाई उन्हाळाभर विकायला कुरडया घालायची, सगळ्या गच्च्या तिच्या. मग तिसरी. लोक हसायचे, म्हणायचे, नातवाच्या लग्नात जिना होईल. त्या सळया चौथ्या खोलीच्या आहेत. सुनेसाठी. पैसे जमले की होईल.

मालिनी : म्हणजे माझी मुलगी सळयांखाली राहणार.

रहेमान : सळया वर आहेत, ताई. खाली स्लॅब आहे.

मालिनी : चेष्टा राहू द्या. मला भीती वेगळीच आहे. असल्या घरात सुनेने एक ड्रेस आणला तरी महिनाभर ऐकवत असतील. तिसऱ्या दिवशी पंखा बंद कर, चौथ्या दिवशी चहात दूध कमी घाल.

रहेमान : पंखा बंद करायला सांगतात, ते खोटं नाही. माणूस उठला की पंखा बंद. पण एक सांगू? त्यांची मुलगी रूपाली देवळ्याला दिलीय. तिचं बाळंतपण अडलं, दवाखान्याने मोठा आकडा सांगितला. तिकडे जावई सगळ्यांना फोन लावत बसला. कोंडाजीभाऊ दुपारच्या एसटीने गेले आणि सगळे पैसे भरून आले. कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. तेव्हा मला कळलं, हा माणूस पंखा का बंद करतो.

मालिनी : आणि बाळ?

रहेमान : आता शाळेत आहे. लय वात्रट. सुट्टीत येतं, माझे नट लपवतं.

शामसुंदर : तुम्ही त्यांचीच बाजू घेताय. किती दिलेत त्यांनी तुम्हाला?

रहेमान : कोंडाजीभाऊ आणि देतील? मला गरज होती तेव्हा पण नाही दिले. साहेब, माझं सगळं हप्त्यावर होतं. मोबाईल, बाईक, हा हवेचा कम्प्रेसर. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज. वसुलीची पोरं इथे बाकड्यावर बसून राहायची, गिऱ्हाईक लांबूनच पळायचं. मी कोंडाजीभाऊंकडे गेलो उसने मागायला. सरळ नाही म्हणाले. चार शिव्या घातल्या मी त्यांना, मनात.

मालिनी : मग?

रहेमान : दुसऱ्या दिवशी कामावरून सुटले आणि इथे येऊन बसले. म्हणाले, बाईक विकलीस का? मी म्हटलं, नाही. गेले. तिसऱ्या दिवशी परत, बाईक विकलीस का? एकवीस दिवस, ताई. वसुलीची पोरं तरी रविवारी सुट्टी घ्यायची. कंटाळून विकली शेवटी. लगेच म्हणाले, मोबाईल विकलास का? दीड वर्ष लागलं, पण आज हा कम्प्रेसर माझा आहे. आवाज करतो तरी गोड वाटतो.

शामसुंदर : कौतुक आहे. पण लग्न म्हणजे बाईक नाही. चार लोकांत इज्जत असते.

रहेमान : तेच कोंडाजीभाऊ काल बोलत होते. म्हणाले, मुलीकडच्यांची काही ऐपत दिसत नाही. एखाद्या छोट्या हॉलात पन्नास माणसांत उरकतील.

शामसुंदर : असं म्हणाले?

रहेमान : मी आपलं ऐकलं ते सांगितलं.

शामसुंदर : त्यांना म्हणावं, गंगापूर रोडला लॉन्स आहे. अकराशे माणूस. स्टेजला ताजी फुलं. नवरदेव येईल त्या गेटवर फटाके. पन्नास माणसं तर नुसती वाढायला असतील.

मालिनी : अहो, लॉन्स नुसतं बघायला जायचं ठरलं होतं.

शामसुंदर : बघितलं मी.

मालिनी : अकराशे माणूस कोणी मोजला? सुपारी अजून फुटली नाही.

शामसुंदर : तारखा मिळत नाहीत, मालिनी. अ‍ॅडव्हान्स द्यावाच लागतो.

मालिनी : दिलात?

शामसुंदर : दिला.

मालिनी : कशातून? एफडीची पावती माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

शामसुंदर : आपण गाडीत बोलू.

मालिनी : कशातून दिलात?

शामसुंदर : पर्सनल लोन. पाच वर्षांचं. मी फेडणार आहे, तुला काय करायचंय?

रहेमान : साहेब, हे मी ऐकायचं की आत जाऊ?

मालिनी : थांबा भाई. कोंडाजीभाऊ ऐपतीचं खरंच बोलले होते?

रहेमान : नाही, ताई. ते मी घातलं पदरचं.

शामसुंदर : काय?

रहेमान : माफ करा. काल सकाळीच ते सांगून गेले होते. म्हणाले, एकदोन दिवसांत मुलीकडचे येतील, पंक्चर नसताना पंक्चर बघायला लावतील. गल्लीत स्थळाची चौकशी करणारे सगळे माझ्याकडेच येतात, बडबड्या मी एकटाच. मला म्हणाले, ते आपली चौकशी करतील, तू त्यांच्याकडून एवढं काढून घे, मुलीचा बाप लग्नासाठी कर्ज काढतोय का.

मालिनी : आणि काढत असेल तर?

रहेमान : तर सुपारी नाही. म्हणाले, जुनं असेल तर असू दे, कोणाला चुकत नाही. पण माझ्या पोराची पंगत दुसऱ्याच्या हप्त्यावर नको. ते जेवण पाच वर्षं पचत नाही.

शामसुंदर : म्हणजे चौकशी करायला आलो आम्ही, आणि झाली आमची.

रहेमान : दोघांची झाली, साहेब. तुम्हाला पण मेथी सापडली.

शामसुंदर : तुम्ही त्यांना काय सांगणार?

रहेमान : ऐकलं ते. थापा मी गिऱ्हाइकाला मारतो, त्यांना नाही. ते ओझरला गेलेत पाहुण्यांकडे, संध्याकाळी येतील. तोवर तुमच्याकडून काही नवीन कळलं तर ते पण सांगेन.

मालिनी : लॉन्सवाला अ‍ॅडव्हान्स परत देतो?

शामसुंदर : अर्धा. आणि सगळ्यांना सांगून झालंय, मालिनी. ऑफिसात, तुझ्या भावाला, सोसायटीत. आता काय तोंड दाखवू?

मालिनी : रोज दाखवता तेच. अर्धा तर अर्धा, आत्ता जाऊन आणायचा. आणि लोनमधलं उरलंय तेही आजच भरून टाकायचं. तेजश्रीला तो मुलगा आवडलाय, तुम्हाला माहीत आहे. मागे त्याला भेटून आली तर दोन तास हसत होती. भाई, एवढं केलं तर होईल का सुपारी?

रहेमान : मी शब्द देऊ शकत नाही, ताई. पण लोन परत गेल्याचं मी आनंदाने सांगेन.

मालिनी : उठा. चला.

शामसुंदर : मालिनी.

मालिनी : काय?

शामसुंदर : तेवढं एकच नाहीये.

मालिनी : म्हणजे?

शामसुंदर : घरी सांगतो.

मालिनी : घरी तेजश्री आहे. बसा इथे. सगळ्यात मोठ्यापासून सुरू करा.