अप्पांचं नाव कमी करायचं होतं

आमच्या चिकू बागायतदारांच्या सोसायटीने तो मोठ्या कंपन्या वापरतात तसला डेटाबेस घेतला ना, त्यात मी महिनाभर नव्हतोच.

झालं काय, अप्पा, म्हणजे माझे वडील, वारले. त्यांचं नाव कमी करायला मी डहाणूच्या ऑफिसात गेलो. क्लार्क हेमाताई म्हणाल्या, "नाही होत. या डेटाबेसात सगळी टेबलं, म्हणजे नावांच्या याद्या, एकमेकांना बांधलेली असतात. अप्पांच्या नावाखाली वारस आहे, तोवर ते निघत नाहीत."

"वारस मीच आहे. म्हणून तर आलोय."

"मग आधी तुम्हाला काढते, मग अप्पांना, मग तुम्हाला परत घालते."

मला पटलं. माझं नाव एका बटणात गेलं. अप्पांच्या वेळी सिस्टिम विचारते, चिकूची वाडी कोणाच्या नावावर करू? माझं नाव टाकलं, तर म्हणते असा माणूसच नाही.

"मग मला परत घाला."

"घालते की. पण वारस घालायला सभासदाची सही लागते. अप्पांची."

पुढच्या महिन्यात वार्षिक सभेची नोटीस आली, अप्पांच्या नावाने. गेलो. हजेरीत अप्पांचं नाव दोनदा पुकारलं, शेवटी मीच हात वर केला.

निघताना हेमाताईंनी फॉर्म पुढे केला. "अप्पा, इथे सही करा. मुलाला घालून टाकते."