शकुनाची साखर

...नाही, मी म्हणतो, माणूस रक्तातली साखर मोजायला निघालाय, आणि निघताना त्याच्याच हातावर दहीसाखर ठेवायची? अहो, याला काय म्हणायचं? पण लोणखेड्यात कोणाला सांगणार! तुम्हाला सांगतो, आमच्या हिंमतरावाचा डोळा या 'तोंड गोड करी जाय'पायी जाता जाता राहिला! मी त्याचा साडू, त्याला हाताला धरून नेणारा मीच, म्हणून ठाऊक.

झालं असं, गावात वीज नुकतीच आलेली, आणि हिंमतरावाला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. लोक म्हणाले, नव्या विजेचं असंच असतं! मग बाजूचं दिसेना. समोरचा माणूस लख्ख, शेजारचा बैल गायब! बैलावर आदळला तेव्हा धुळ्याला नेला. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह, त्यात काचबिंदू. उजवा डोळा गेलाच. डावा ऑपरेशननं वाचेल, पण आधी रक्तातली साखर उतरवा, नाहीतर जखम चिघळेल आणि हाही जाईल."

मी हबकलो. पण हा गडी? "डागदरसाहेब, परदेशमा म्हणे निस्ता उजेड मारीसन डोया बरा करतस?" डॉक्टर म्हणाले, करतात काही आजारांत, आपल्याकडे नाही. "मग त्या उजेडले तरी साखर चालस का?" "नाही चालत!" खलास!

मग काय, कारल्याचा रस, मेथ्या, कोरडी भाकर... पंगतीत जिलबी आली की पानावर हात आडवा! शहाद्याच्या दवाखान्यात लघवी निळ्या औषधात उकळायचे, साखर असली की विटकरी व्हायचं. याचं निळंच राहिलं! कंपाउंडर म्हणाला, जा आता धुळ्याला, उपाशीपोटी रक्त द्या. हिंमतराव नाचला, अहो, दवाखान्यातच नाचला!

आणि निघताना? दारात बायको, सिंधुबाई. "डोयानं काम शे, तोंड गोड करी जाय!" दहीसाखर. गल्लीच्या टोकाला बहीण, जसोदाबाई, वाटीभर शिरा घेऊन. "दादा, तोंड गोड करी जाय!" स्टँडवर लोटन गुऱ्हाळवाला, हातात ताज्या गुळाचं ढेकूळ. "भाऊ, तोंड गोड करी जाय!"

धुळ्याला डॉक्टर विचारतात, काही खाल्लं? "नही हो साहेब, पाणी बी नही पिधं!" आणि तो खोटं बोलत नव्हता हो! शकुनाचं कोणी खाल्लं म्हणून धरतं का? मी तरी कुठे धरलं होतं तेव्हा! रक्तात साखर इतकी, की डॉक्टर तपासणाऱ्यावरच ओरडले. पुढल्या महिन्यात या!

पुढल्या महिन्यात काय? मागच्या खेपेला काम झालं नाही, म्हणून शकुन दुप्पट! डॉक्टर डोकं धरून बसले, लघवी निळी, रक्त गोड, हा कुठला आजार? इकडे डोळा रोज थोडाथोडा मिटत चाललेला. हिंमतराव हसायचा, पण एस.टी.त माझा हात सोडायचा नाही. मला रडू यायचं, खरं सांगतो.

तिसऱ्या खेपेला त्याला वॉर्डातच ठेवून घेतला. सकाळी सुई आली, तर यानं हात मागे! "थांबा साहेब, पहिले तोंड गोड..." "काय?" डॉक्टर किंचाळले. मग मी सगळं सांगितलं. शिरा ऐकला तेव्हा ते उभे होते, गुळाच्या ढेकळाला खाली बसले. त्या दिवशी कोरड्या तोंडानं रक्त दिलं. साखर जागेवर! ऑपरेशन झालं, डोळा वाचला! पट्टीसकट नाचायला निघाला, नर्सबाईंनी दटावून झोपवला.

डॉक्टर म्हणाले, "बाजूचं गेलं ते गेलं, समोरचं राहील. पण दर महिन्याला रक्त दाखवा, आणि साखर बंद!" घरी येऊन मी सिंधुबाईला समोर बसवून समजावलं. ती रडली. म्हणाली, सगळं समजलं.

परवा निघालो रक्त दाखवायला. दारात सिंधुबाई, हात पुढे! मी ओरडलो, "अहो, साखर बंद ना?" तर म्हणते कशी, "साखर कोठे शे? गूय शे हाऊ!" दह्यात गूळ!

मी हिंमतरावाला बाजूनं केवढ्या खुणा केल्या! पण बाजूचं त्याला दिसतंय कुठे? दिसतं ते फक्त समोरचं. आणि समोर काय, तर बायकोचा तळहात! त्यानं तो लख्ख पाहिला, सुस्कारा सोडला, म्हणाला, "साडूभाऊ, डोया वाचना तो हाईच देखाले!"

आणि तोंड उघडलं.