दुसरा ब्रेक

— भूत म्हणत नाहीये हो मी, मी आपला एवढंच म्हणतोय की घर स्वतःच्या मनानं वागतंय. बसा. अहो, त्या खुर्चीत नको! ती मालीश करायला लागते, आणि बंद कशी करायची ते मलाही माहीत नाही — मागे एक पाहुणे जेवणाची हाक येईपर्यंत तिच्यात थरथरत बसले होते, भिडेपोटी बोलले नाहीत बिचारे. इथं स्टुलावर बसा, स्टुलाला काही कळत नाही म्हणून ते गुणी आहे. तर तक्रार ऐका. सकाळी माझ्या अंघोळीच्या वेळेला गीझर आपोआप चालू. कोणी केला? मी नाही. दुपारी जरा डोळा लागला की पंखा आपोआप दोनवर. संध्याकाळी मॅच ऐन रंगात आलेली, शेवटची ओव्हर, आणि टीव्ही — फट्! काळा! तुमच्या कंपनीला फोन लावला, तर ती बाई म्हणते एक दाबा, दाबला, तीन दाबा, दाबला, आणि शेवटी म्हणते, आपलं स्वागत आहे, एक दाबा. म्हणून तुम्हाला बोलावलं.

नाही, मला यंत्रांचा राग नाही, हे सगळं मीच हौसेनं आणलंय. पण काही ताळतंत्र? परवा फ्रिजनं पासवर्ड मागितला — मला थंड पाणी हवं होतं, त्याची इस्टेट नको होती! कपडे धुवायच्या मशीनला मधेच अपडेट आलं. कपडे आत, साबण आत, आणि हे म्हणतं, थांबा, सुधारणा चालू आहे. अहो, मी जन्मात सुधारलो नाही आणि हे दुपारभरात सुधारणार! मी मालक असतो ना कंपनीचा, तर पहिलं म्हणजे बटण ठेवलं असतं. दाबलं की खट् वाजणारं. आणि दुसरं — खाली ती पाटी लावलेली पिवळी गाडी पाहिलीत? माझी ती. मी गाडी चालवायला शिकवतो. तिला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. शिकणारा घाबरून भलतंच दाबतो, मी हळूच माझा दाबतो, गाडी थांबते, आणि मी म्हणतो, वा, छान थांबवलीत! त्याला पत्ता नसतो. असा दुसरा ब्रेक तुमच्या यंत्रांना का नाही, सांगा? माणूस चुकला तर शेजारी बसून सांभाळणारं कोणी नको?

घरात? मी एकटाच. म्हणजे सध्या. ही बहिणीकडे गेलीये, जरा हवापालट. भांडण? छे छे, भांडायला दोघांनी बोलावं लागतं. फोन उचलत नाही, पण रेंज नसेल — हो, शहरच आहे ते, पण शहरातही नसते कधी कधी. हसू नका. बरं, झालं काय, आठवड्यापूर्वी माझे मेहुणे आले होते सहकुटुंब. ही त्या हुकूम ऐकणाऱ्या बोलक्या डबीला म्हणाली, दिवा लाव. डबीनं हवामान सांगितलं. ही पुन्हा म्हणाली, डबीनं गाणं लावलं. झालं, मला चेव आला! मी म्हटलं, हिला गाडी शिकवायला घेतली तेव्हाही हेच, वळ म्हटलं की वायपर लावायची, हिला नाही जमायचं हे. सगळे हसले. मी तर डोळे पुसत हसलो. ही नाही हसली. सकाळी बॅग भरली आणि गेली. आता तुम्हीच सांगा, परक्या माणसांना वा छान, वा छान म्हणणारा मी, घरातच जीभ कशी सुटते माझी? हे तुमच्या कामाचं नाही, माहितीये, तुम्ही तपासा. आठवडाभर तिचा आवाज नाही घरात. मला करमत नाही हो, बस.

काय सापडलं? घराला दोन फोन जोडलेत? हो, दुसरा हिचा, मीच जोडून दिला होता. पण तिनं फोनवरच्या त्या ॲपच्या चौकोनाला कधी बोटसुद्धा लावलं नाही, तिला जमत ना— काय? शेवटचा वापर? आज? सकाळीच? म्हणजे गीझर... थांबा. थांबा हं. पंखा दोनवर. मोठ्या वाऱ्यात झोपलो की माझी मान धरते, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे! आणि टीव्ही? तो राग! बरोबर आहे, राग तर असणारच! अहो, ही तिथं बसून आठवडाभर घर चालवतेय माझं! कोण म्हणतं जमत नाही? मी? मी गाढव आहे!

सरका जरा. हा बघा, मी गॅलरीतला दिवा लावतो माझ्या फोनवरून. लागला. आता बघा... बघा... गेला! मी नाही केला, माझे हात वर आहेत! पुन्हा लावतो. गेला! अहो, आहे ती, फोन हातात घेऊन बसलीये! पुन्हा लावतो. हं... राहिला. राहिला, नाही का? विझवत नाहीये. तुम्हाला दिसतोय ना, का माझ्याच डोळ्यांत पाणी आलंय?

दुरुस्ती? खबरदार कशाला हात लावाल तर. आहे तसं राहू द्या सगळं. हा आवाज कसला? गीझर? भर दुपारी? आज तुमची वाट बघण्यात अंघोळ राहिलीच माझी — पाणी वापरलं नाही हे पण दिसतं तिला? दिसतं! वा! उठा, उठा, निघा तुम्ही. त्या खुर्चीला धक्का लावू नका, जिना उजवीकडे. मला अंघोळ करायचीय, आणि गाडी घेऊन तिला आणायला जायचंय.